मास्तरांना परत आणायला: माढ्याहून सीमेवरच्या रानात

माझ्या नवऱ्याला रानातून सोडवून आणायचं, असं आमच्या घरात ठरलं ते बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या दुसऱ्या वर्षी, माघ महिन्यात. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि त्यात नवरा माझ्या वाट्याला आला होता मोजून दोन सुट्ट्या. हे (नाव घ्यायची सवय मला आजही नाही) प्राथमिक शिक्षक. नेमणूक कुठं, तर महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक जिथं एकमेकांना टेकतात, तिथल्या घनदाट रानातल्या एका वाडीत. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ओळखीपाळखी काढून अकलूजला एका कारखान्यात कारकुनाची जागा मिळवली होती. पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं. पत्रावर पत्रं गेली, ह्यांचं उत्तर एकच: "विचार करतो." शेवटी मामंजी म्हणाले, "सूनबाई, पिशवी भर. तुला बगितल्यावर तरी यील."

मी एका पायावर तयार होते.

कुर्डुवाडीहून मिरजेला तेव्हा छोटी गाडी जायची. "उतरून चाललं तर हिच्या फुडं जाऊ की," असं मामंजी सांगोल्यापर्यंत तीनदा म्हणाले. मिरजेहून कोल्हापूर, तिथं एसटी स्टँडवरच पथारी. सकाळच्या एसटीनं आंबोली घाट उतरून सावंतवाडी, तिथून आणखी एक एसटी, आणि ती जिथं "आता पुढं रस्ता नाही" म्हणून वळते, तिथून तीन तास पायी. तिकिटांचा हिशेब विचारू नका, पैसे मामंजींच्या कमरेला होते. तुम्ही आज जाणार असाल तर वाडीच्या तोंडापर्यंत डांबरी रस्ता आहे. पण पाय धड असतील तर शेवटचा टप्पा चालतच जा.

घ्यायला वाडीचे गावकर आले होते. गावकर म्हणजे तिथला मानकरी, देवापुढं गावाच्या वतीनं बोलणारा माणूस. त्यांच्या मागून आम्ही रानात शिरलो आणि दुपारचं ऊन कुणीतरी दार लावून घ्यावं तसं बंद झालं. आमच्याकडं माढ्याला एक बाभळ दिसली की लोक तिच्याखाली बैठक घालतात. इथं झाडाचा शेंडा बघायला मान पार मागं टाकावी लागत होती. मांडीएवढ्या वेली, पायाखाली पाचोळ्याची गादी, आणि माथ्यावरून कुणीतरी धापा टाकत गेल्यासारखा आवाज आला म्हणून मी मामंजींचं धोतर धरलं. गावकर हसले. धनेश पक्षी होता, त्याच्या पंखांचाच तेवढा आवाज! मी भ्याले होते, आणि तरी ते रान संपू नये असं वाटत होतं.

मग ओढा आला. आमच्याकडं माघात विहिरींचे तळ दिसायला लागतात. इथं पाणी दगडांवरून खळाळत चाललं होतं आणि काठावर एक कळशी नाही की भांडण नाही. वरून बांबूचा साकव, म्हणजे पायी जायचा पूल, पण मामंजी साकवावर चढेनात. पाण्यात उतरून उभे राहिले.

"हे पानी कुटं जातंय?"

"गोव्याक जाता," गावकर म्हणाले.

"आन् कुनी आडवत न्हाय?"

"कित्याक अडवूचा? मागसून येताच हा." मागून येतंच आहे, म्हणाले.

मामंजींनी ओंजळ भरून तोंडावर मारली. त्यांचे डोळे लाल झाले होते. दुष्काळात त्यांनी दोन बैल छावणीत सोडले होते, ते परत आले नव्हते.

हे वाडीच्या वेशीवर उभे होते. वाळलेले, काळवंडलेले, आणि मला बघून इतके लाजले की मला हसूच आलं. शाळा देवळाच्या ओवरीत, मुलं सोळा. आधीचे मास्तर एकेका पावसाळ्यात पळून गेले होते. चार महिने ओढा वाट अडवतो, जळवा अंथरुणापर्यंत येतात, अंगावरचे कपडे वाळत नाहीत. ह्यांनी दोन पावसाळे काढले होते. हे गेले की शाळेला कुलूप, हे ह्यांनी मला पहिल्या तासाभरातच सांगितलं. मी म्हटलं, "मग लागू दे." मला वाईट वाटलं नाही, खरं सांगते. हे मग निघायला कबूल झाले.

गावकरांकडं जेवण होतं, नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी. मामंजींनी आपली शेंगाचटणी सोडली, ती त्या घरानं इतकी आवडीनं खाल्ली की मामंजी खूश झाले. बोलता बोलता गावकरांनी समोरचा डोंगर दाखवला, अर्धा बोडका. एका ठेकेदारानं कागद आणला होता, वाडीला रस्ता देतो म्हणाला. सगळ्यांनी अंगठे दिले. रस्ता आला नाही, झाडं मात्र गेली.

"आता कागद इलो तर आमचीं पोरां वाचतीत," गावकर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामंजी परसाकडं गेले आणि खांद्यावर वाळक्या काटक्यांचा भारा घेऊन परतले. चेहरा असा, जणू लॉटरी लागली. "हितं लाकडं पडून कुजत्यात! कुनाला कदर न्हाय." आमच्या भागातला माणूस पडलेली काटकी ओलांडून जाऊच शकत नाही, तुरकाट्या जाळून आमची हाडं पोसली आहेत. पण गावकरीणबाईंनी ते बघून तोंडावर हात ठेवला. मामंजी देवराईत शिरले होते. राई देवाची. तिथलं तोडायचं तर नाहीच, पडलेलं पानसुद्धा उचलायचं नाही.

"पडल्यालं बी न्हाय?" मामंजी ओशाळून ह्यांना म्हणाले.

"नाही, आबा. तो ओढा तिथूनच निघतो."

मामंजींनी भारा तसाच उचलला आणि जिथून आणला तिथं एकेक काटकी ठेवून आले.

कुणी रागावलं नाही. देवाला सांगून टाकू, म्हणाले. दुपारी राईच्या तोंडाशी वाडी जमली. नारळ ठेवून गावकरांनी गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढची फिर्याद. एकेक मागणं झालं की सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, मग ते देवाला पोचतं.

"बा देवा म्हाराजा, परगावच्या म्हाताऱ्यान नेणतेपणी तुझी काटकी उचलल्यान. ती परत आणून ठेवल्यान. चूक पोटात घाल, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मामंजींचा आवाज सगळ्यांत मोठा.

"आनी आमचो मास्तर आता आपल्या गावाक चल्लो. तेच्या वाटेक काटो लागूं नको. तेच्या घराक सुखाचो घास दी, रे म्हाराजा!"

मी वाट बघत होते रडारडीची, निदान विनवणीची. देवाकडं मास्तर मागतील असं वाटलं होतं, आणि हे लोक त्याला सुखानं पोचव म्हणत होते. "व्हय म्हाराजा" झालं, पण पडल्या आवाजात. मामंजींचं तोंड उघडलंच नाही. गावकर थांबले. पाहुण्याचा होकार राहिला होता. सगळे वळून बघायला लागले.

"गावकर," मामंजी म्हणाले, "त्येवडं एक नगा सांगू देवाला."

ह्यांनी पुढं होऊन मामंजींचे पाय धरले. आणि मला, सांगते तुम्हाला, भयंकर राग आला. बापलेकांचं जमलं, देवाचं जमलं. मला कुणी विचारलं?

परतीच्या वाटेवर मी अबोला धरला. आंबोलीच्या घाटात मागं वळून पाहिलं तेव्हा ते हिरवं रान ढगात बुडालेलं होतं. मला रडू आलं, आणि ते नवऱ्यासाठी होतं की रानासाठी, हे तेव्हा कळेना. मामंजींनी पंढरपूर मागं पडल्यावर पहिल्यांदा तोंड उघडलं. "चुकलं माजं. तुला इचारायला पायजे हुतं." आमच्या घरात सुनेला असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं.

घरी पोचलो तर सासूबाई दारातच. आमच्या मागं रिकामा रस्ता बघून म्हणाल्या, "पोरगं कुटं हाय?"

"त्यो ऱ्हायला तितंच."

"आन् हिचं काय?"

"हिलाच इचार," म्हणून मामंजी पाय धुवायला गेले. तांब्यात पाणी बेताचंच घेतलं होतं.

सासूबाई माझ्याकडं वळल्या. मी पिशवी खालीसुद्धा ठेवली नव्हती.

"पावसाच्या आत मला तिकडं पोचवा," मी म्हणाले.