दोघांनी चालवायची गाडी

काळ्या मुठीचा एक बारीक लोखंडी दांडा – स्टिअरिंगच्या डाव्या अंगाने बाहेर आलेला, पुढच्या सलग लांब सीटच्या मधोमध बसलेल्या माझ्या गुडघ्यापर्यंत पोचणारा – आणि त्या मुठीवर घट्ट दाबलेला माझा तळवा. उन्हाळ्यात ती मूठ चटका द्यायची, पौषात बोटं बधिर करायची, आणि बाराही महिने तिला हिंगाचा वास यायचा. शेजारी बाबा, नजर रस्त्यावर, आणि त्यांच्या तोंडून कुठल्याही क्षणी येणारा तो एकच शब्द – ‘हां!’ – की मी दांडा स्वतःकडे ओढून खाली न्यायचा. आमची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये मी टाकत असे. पहिल्यातही मीच, तिसऱ्यातही मीच. वय वर्षे अकरा.

गाड्यांच्या मेळाव्यातले तुम्ही पाठवलेले फोटो मी सावकाश पाहिले. जमिनीला टेकलेल्या, जांभळ्या रंगाच्या, लाल चामड्याच्या सीटच्या त्या गाड्या, आणि प्रत्येकीशेजारी अभिमानाने उभा असलेला तिचा मालक. ईशान, तू खाली लिहिलं होतंस – आजी, तुमच्याकडे होती का अशी बदललेली गाडी? होती. फोटो मात्र नाही. म्हणून लिहून पाठवते. आईकडून वाचून घ्या, आणि अडलं तर मला विचारा.

माझे बाबा, म्हणजे तुमचे पणजोबा, इंदूरच्या एका कापड गिरणीत फिटर होते. इंदुरात गिरणीला सगळे मिलच म्हणत, आम्हीही. मी अगदी लहान असताना मिलमध्येच एक जड रोलर त्यांच्या डाव्या पायावर घसरला. पाय राहिला, पण घोट्यापासून खाली त्यात जोर उरला नाही. चालताना ते तो पाय किंचित ओढत, आणि गर्दीच्या बसमध्ये उभं राहणं त्यांना जमत नसे. ही अँबॅसडर त्यांनी सियागंजातल्या एका किराणा व्यापाऱ्याकडून घेतली. त्याने ती वर्षानुवर्षं पोती वाहायला वापरली होती आणि मग गोदामाच्या कोपऱ्यात सोडून दिली होती. हिंग, धणे, लाल मिरची – सगळं तिच्या पत्र्यात मुरलेलं. आईने साबणाने धुतली, ऊन दिलं, कापूर जाळला... काही उपयोग झाला नाही. पहिल्याच फेरीत मागे बसलेल्या आत्याला इतक्या शिंका आल्या की ती म्हणाली, “दादा, ही मोटार आहे की मसाल्याचा डबा?”

डाव्या पायाने क्लच दाबता येत नाही, तेव्हा बाबांनी क्लच हातात आणला. उजव्या दाराशी एक लांब लोखंडी दांडा उभा केला. तो मागे ओढला की क्लच दबायचा. उजवा हात त्यात गुंतला, डावा स्टिअरिंगवर, मग गिअर कोणी टाकायचा? शेजारी बसेल त्याने! आज मला याचं हसू येतं, पण तेव्हा ना बाबांना त्यात काही वावगं वाटलं, ना त्यांच्या मिलमधल्या सोबत्यांना. मिलमध्ये कुठलं यंत्र एकट्याने चालतच नव्हतं. एकाने ओढायचं, दुसऱ्याने सोडायचं, मध्ये डोळ्यांची एक खूण – हीच त्यांची कामाची रीत. बाबांनी गाडीसुद्धा तशीच बांधली, जोडीदाराची जागा धरून. सीटमध्ये मिलचा टाकाऊ कापूस भरला, वर खाकी ड्रिलचं कापड ताणून शिवलं, खिडक्यांना निळ्या रेघांचे पडदे लावले. मधली जागा माझी ठरली.

आईही कधी कधी तिथे बसे, पण ती शिक्षिका. ‘हां’ म्हटल्याबरोबर करायचं तिला पटत नसे. “आधी सांगा तरी कितवा टाकायचा ते,” ती म्हणे, आणि बाबा सांगेपर्यंत गाडी आचके देत चौकात बंद पडलेली असे. मागून भोंगे. बाबा स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसत. मला मात्र विचारावं लागत नसे. इंजिनचा आवाज जरा भरून आला की मला कळायचं, आता. कित्येकदा बाबांच्या ओठांवर तो शब्द येण्याआधीच माझा हात हलायला लागलेला असे.

रविवारी सकाळी मिलमागच्या मैदानावर, स्वतःच्या गाड्या स्वतःच बदलणाऱ्या मिलमधल्या गाडीवाल्यांची बैठक भरे. याकूबचाचा बाबांच्याच खात्यातले. त्यांची गाडी पुढून मोटार आणि मागून टेम्पो, कारण डिकी कापून त्यांनी तिथे लाकडी फळ्या ठोकल्या होत्या. जोशीकाका हिशेबखात्यातले, त्यांच्या गाडीला मखमली छत होतं, एकावर एक भोंगे होते, फक्त ती चालू व्हायला ढकलावी लागे. बोनेटवर वर्तमानपत्र पसरून पोहे आणि जिलबी. पोह्यांवर भुरभुरलेल्या जिरावण मसाल्याचा आंबट-तिखट वास आणि ऑइलचा वास एकमेकांत मिसळलेले. त्या बैठकीचा एक कायदा होता: ज्याने गाडीत नवं काही केलं असेल त्याने पोहे द्यायचे, आणि बाकीच्यांनी कौतुक करायचं नाही – खोट काढायची. खोट निघाली की तो माणूस आठवडाभर खूश. पुढच्या रविवारपर्यंत हाताला काम मिळायचं ना!

“क्या भिया, मोटर में भी हेल्पर रख लिया?” याकूबचाचांनी आमची गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा विचारलं होतं.

“हेल्पर नाही, जॉबर आहे ती,” बाबा म्हणाले. मिलमध्ये जॉबर म्हणजे खात्यातल्या कामगारांचा प्रमुख. मी फ्रॉक सावरून ताठ बसले.

मग मिल आजारी पडली. आजारी हाच शब्द सगळे वापरत, घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलावं तसा. आधी एक पाळी बंद झाली, मग कधी वीज नाही, कधी कापूस नाही. भोंगा एखाद्या दिवशी वाजे, एखाद्या दिवशी नाही, आणि न वाजलेल्या सकाळी आमची गल्ली अंथरुणातच कूस बदलत राही. मोठ्या रस्त्यावर तेव्हा नव्या, छोट्या, चकचकीत गाड्या दिसू लागल्या होत्या – आवाज न करता बाजूने निघून जाणाऱ्या. एके दिवशी फाटकाला कुलूप लागलं. बाबा तरीही रोज तयार होत, डबा भरायला सांगत, आणि अंगणात गाडीचं काहीतरी खोलून बसत. नीट चाललेला वायपर खोलत. घट्ट असलेला स्क्रू आणखी घट्ट करत. दुपारी आई शाळेतून आली की डबा तसाच.

मी बारावी झाले त्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदमच घरात आल्या. बाबांना पीथमपूरच्या नव्या कारखान्यात काम मिळत होतं. इंदूरपासून चांगलंच लांब, रोज स्वतः गाडीने जाता आलं तरच जमण्यासारखं. आणि मला पुण्याच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन प्रवेश मिळत होता, राहायला आत्याचं घर. मी गेले तर गिअर कोण टाकणार? आईची सकाळची शाळा. मी राहिले तर माझं कॉलेज गेलं. हा प्रश्न जेवताना चौथ्या माणसासारखा आमच्या पानांशी येऊन बसे.

शेवटी बाबाच म्हणाले, “गाडी बदलतो. जूनपर्यंत होईल.”

“आणि नाही झाली तर?” आईने विचारलं.

“न व्हायला काय झालं? लोखंडच आहे.”

स्कूटरच्या डाव्या हातात क्लच आणि गिअर एकत्र असतात, तसं त्यांना करायचं होतं: गिअरच्या दांड्यावरच एक पकड बसवायची, ती दाबली की केबल खालून क्लच ओढेल, उजवा हात मोकळा स्टिअरिंगवर राहील. याकूबचाचा रोज येत. दोघं गाडीखाली पडून असत. बाहेर फक्त चार पाय दिसत, त्यांतला एक वाकडा. मी चहा घेऊन जाई आणि तिथेच घुटमळे. पुण्याचं नाव काढलं की मी पेटी भरायला घेई, आणि अंगणातून हातोडीचा आवाज आला की ती तशीच उघडी राही. मला एका जागी बसवत नव्हतं. पुस्तक उघडायचं, मिटायचं, गच्चीवर जायचं, परत यायचं.

पहिली चाचणी धारच्या रस्त्याला. मी शेजारी होते, पण बाबांनी आधीच बजावलं, “हात मांडीवर.” दोन्ही तळवे मी मांड्यांखाली दाबून बसले. बेटम्याच्या अलीकडे रस्ता मोकळा होता, दोन्हीकडे नांगरून ठेवलेली काळी माती उन्हात फुटलेली, आणि काचेतून येणारी गरम हवा. इंजिनचा आवाज भरून आला. माझं अंग पुढे झुकलं, एक हात मांडीखालून सुटून दांड्याकडे गेला.

“हात!” बाबा ओरडले.

मी हात मागे घेतला. त्यांनी पकड दाबली, गिअर पडला – पण चढावर पुढे बैलगाडी आली, त्यांनी पुन्हा दाबली आणि खाली काहीतरी तट्कन तुटलं. केबल. गाडी एक मोठा आचका देऊन बैलगाडीच्या मागे हातभरावर थांबली. गाडीवानाने वळून आमच्याकडे पाहिलं आणि विडी पेटवली.

उजव्या दाराशी जुना दांडा अजून काढलेला नव्हता. परत येताना पुन्हा ‘हां’, पुन्हा माझा हात, सगळं पूर्वीसारखं. राऊच्या बाजूने वारा सुटला होता.

“खूश दिसतेस,” बाबा म्हणाले.

“नाही तर.”

“मग गुणगुणतेस कशाला?” थोडं अंतर गेल्यावर ते म्हणाले, “नंदू, पुण्याला जायचं नसेल तर तसं सांग. गाडीवर ढकलू नकोस.”

“आणि नाही गेले तर?”

“तर पीथमपूरला येशील माझ्याबरोबर? पाळी संपेपर्यंत फाटकाबाहेर बसशील? उद्या, परवा... किती वर्षं?”

मी मनात अगदी तेच रंगवलं होतं: फाटकाजवळचं झाड, मांडीवर पुस्तक, डबा. त्यांच्या तोंडून ऐकल्यावर ते चित्र केवढं लहान वाटलं.

केबलच्या जागी मग लोखंडी सळई आली, जोर कमी लागावा म्हणून कापडाच्या मागावरची एक जाड स्प्रिंग आली. जूनच्या आधीच्या रविवारी बाबांनी मैदानावर पोहे दिले. याकूबचाचा गाडी घेऊन एक चक्कर मारून आले, उतरले, गमछ्याने हात पुसत राहिले.

“बोला,” बाबा म्हणाले.

“खोट नहीं है, भिया.”

“असं कसं? नीट बघा. तिसऱ्याला जरा अडकतो.”

“नहीं अटकता.”

“खालून आवाज येतोय.”

“नहीं आ रहा. हो गई आपकी गाड़ी.”

जोशीकाकांनीसुद्धा मान हलवली. बाबा स्वतःच वाकले, चाकापाशी काहीतरी शोधल्यासारखं केलं, मग उठून हात खिशात घालून उभे राहिले. मिल बंद झाल्यापासून त्या हातांना पहिल्यांदाच करायला काही नव्हतं. मी पोह्यांची पानं गोळा करू लागले.

पुण्याच्या बसपर्यंत बाबांनीच मला सोडलं. मधल्या जागी आई बसली, मी खिडकीशी. शहर नेहमीपेक्षा पटपट मागे गेलं. ते गिअर टाकत होते, स्वच्छ, एकही आचका नाही, आणि आई पहिल्यांदाच गाडीत निवांत बसून रस्त्यावरची दुकानं पाहत होती.

पुढे काही वर्षांनी बाबांनीही एक छोटी नवी गाडी घेतली, साधे बदल करून. अँबॅसडर ज्याने नेली त्याने दोन दिवसांत सळई, स्प्रिंग, पकड सगळं काढून टाकलं आणि खाली पुन्हा पेडल बसवलं. त्याचं काही चुकलं नाही. त्याचे दोन्ही पाय धड होते. आता ती मैदानं राहिली नाहीत, याकूबचाचा नाहीत, बाबाही नाहीत. इथे इंदुरात, विजय नगरच्या माझ्या खिडकीतून रात्रंदिवस गाड्या वाहताना दिसतात, एकेकीत एकेकच माणूस.

पण मला आठवते ती पुण्याला गेल्यानंतरची पहिली दिवाळी. इंदुरात बसमधून उतरले तेव्हा बाबा बसस्थानकाच्या फाटकाशी उभे होते, जाड झालेले, कारखान्याच्या निळ्या शर्टात. माझी पेटी त्यांनी मागे टाकली. पुढचं दार उघडलं तर मधल्या जागेवर कोणाचा तरी गमछा चुरगळून पडलेला.

“हा कोणाचा?”

“महेशचा. विसरला वाटतं,” बाबा म्हणाले. “रस्त्यात तिघं चढतात ना रोज, पीथमपूरला माझ्याच खात्यात आहेत. हा मध्येच बसतो. फार बडबड्या. कान किटतात.” आणि ते हसले, मिलच्या दिवसांत हसायचे तसे.

मी तो गमछा उचलला. त्याला घामाचा आणि तंबाखूचा वास होता. मी त्याची नीट घडी घातली, होता तिथेच ठेवला, आणि खिडकीशी बसले.