ज्याच्या बांधीत पाणी

माझा पहिला पगार धानात मिळाला. आमगावला माहेरी हे सांगितलं तेव्हा वहिनीला हसू आवरेना. "मग वरणाची डाळ कोण देते, शिपाई?" म्हणाली. आमच्या घरची शेती आजोबांच्याच काळात सुटली होती. आम्ही दुकानदार माणसं. पगार म्हणजे नोट, एवढंच आम्हाला ठाऊक.

सासर मात्र तलावाचं गाव, सौंदडहून आत जावं लागतं. तलाव सासऱ्यांच्या पूर्वजांनी बांधला, असं सांगतात. कागदावर तो सरकारचा झाला त्यालाही जमाना झाला, पण पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी सोडायचं हे अजून गावचे पंचच ठरवतात आणि पंचांत माझ्या सासऱ्यांचा शब्द शेवटचा. त्यांना मी मामाजी म्हणते.

लग्न होऊन आले तेव्हा तलावाचे दोन रिवाज मला पहिल्या महिन्यातच शिकवले गेले. पहिला पाण्याचा: ज्याच्या बांधीत पाणी, त्याची पायली. म्हणजे धान चुरून-मळून झालं की ज्याच्या शेतीला तलावाचं पाणी मिळालं त्यानं मापानं धान द्यायचं. त्यातून पाणी फिरवणाऱ्या माणसाचं पोट चालायचं, पाटाची डागडुजी व्हायची. दुसरा रिवाज पाळीचा, म्हणजे तलावाच्या बांधाचा. पावसाळ्याआधी दवंडी झाली की घरटी एक माणूस टोपली-फावडं घेऊन पाळीवर हजर. मग त्याला शेती असो नसो. न्हावी यायचा, किराणावाला यायचा, दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करून जगणारा भूमिहीनही यायचा. कारण पाळ फुटली तर पाणी सातबारा पाहून घरात शिरत नाही.

गावात चौथीपर्यंतची सरकारी शाळा होती आणि दोन मास्तर. त्यातल्या एकाची बदली झाली, त्याच्या जागी कोणी आलंच नाही. उरलेला मास्तर भला माणूस, पण अर्धा महिना मीटिंगा आणि सर्वेक्षणं. तो नसला की पोरं वर्गात नुसती बसून राहायची, मग घरी जायची. माझ्याकडे डी.एड. होतं आणि नोकरी नव्हती. गावानं सभा घेऊन ठरवलं की दुसरी मास्तरीण गावच ठेवेल आणि गावच पोसेल. त्या दिवशी मला सासरचा फार अभिमान वाटला.

पैसा कुठून आणायचा हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी मामाजींकडे पाहिलं. मामाजी म्हणाले, "त्यात काय? ज्याचं पोर्गं शाळेत, त्याची पायली." ऐकायला ते इतकं न्यायाचं वाटलं की कोणी वाद घातला नाही. जो पाणी घेतो तो देतो, जो घेत नाही तो देत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तलाव असाच चालला होता, मग शाळा काय जड जाणार होती?

पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं. शाळेच्या व्हरांड्यात माझ्या पगाराची रास पडली. पोरं तिच्याभोवती उड्या मारत होती आणि मी ओरडत होते. भूमिहीनांनीही कापणीच्या मजुरीत मिळालेल्या धानातून माप आणलं. त्यातल्या एकाची मुलगी पहिलीत होती. मोठ्यानं वाचायची, इतकं मोठ्यानं की पाळीवरची माणसं हसायची. तिच्या बापानं राशीत धान ओतलं आणि म्हणाला, "मॅडम, हिले चौथीपर्यंत तरी न्या. मंग पाहू." पुढच्या गावची शाळा जंगल ओलांडून, मध्ये नाला. त्या घरासाठी आमची शाळा होती तोवरच शाळा होती. हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

मग गावात पिवळी बस यायला लागली. तालुक्याच्या रस्त्यावर कॉन्व्हेंट निघालं होतं. टाय, बूट, इंग्रजी. शेतीवाल्यांची पोरं एकेक करून बसमध्ये चढली, आणि पोर गेलं की त्या घरची पायलीही गेली. नियमच तसा होता. ज्याच्या घरी पोरच नव्हतं तो तर आधीपासून मोकळा.

सभेत मी मास्तरांना विषय काढायला लावला. आमच्याच आळीतले एक काका सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. ते म्हणाले, "माहे पोरं नागपूरले सेटल आहेत. मी कायले देऊ?" माना डोलल्या. दर महिन्याला त्यांच्या खात्यात जे पेन्शन पडतं ते कोणाच्या खिशातून येतं, हे विचारायला माझी जीभ वळवळत होती. काडेपेटी विकत घेणारा भूमिहीनही करातून त्यात आपला वाटा टाकतो, आणि त्याचे आईबाप कोणत्या कचेरीतून रिटायर झाले होते? पण मी सून, डोक्यावर पदर घेऊन बायकांत बसलेली. आणि माझ्याच पगाराची गोष्ट. घरी येऊन भांडी आदळली.

जेवताना मामाजींना म्हटलं, "मामाजी, शाळेला पाण्याचा रिवाज लावू नका. पाळीचा लावा. पाळीवर कसे सगळे येतात?"

त्यांनी घास संपवला. "पाळ फुटली तं सगळ्यायचं घर जाते, बाई. शाळा फुटली तं कोणाचं काय जाते?"

शाळा फुटली की काय जातं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. मामाजी वाईट माणूस नाहीत. रांग मोडून पाणी घेतलं म्हणून त्यांनी सख्ख्या भावाला दंड लावलेला आहे. न्याय त्यांना कळतो, पण त्यांचा न्याय डोळ्यांना दिसणाऱ्या पाण्यापुरता. मला त्या रात्री त्यांचा फार राग आला होता, अजूनही थोडा आहे.

शेवटच्या वर्षी शाळेत फक्त भूमिहीनांची पोरं उरली. व्हरांड्यातली रास एका सुपात मावली असती. त्या मुलीच्या बापानं तरीही आपलं माप आणून ओतलं. मी नको म्हटलं तर म्हणाला, "नियम आहे ना जी." उन्हाळ्यात पटसंख्येचं कारण दाखवून वरून आदेश आला. शाळा बंद, पोरं पुढच्या गावात. मुलगी चौथीत जायची होती. ती जंगलातून काही दिवस गेली, मग पाऊस लागला, नाल्याला पाणी आलं आणि ती बकऱ्यांमागे राहिली. पाणी ओसरल्यावर मी तिच्या घरी गेले. तिची आई म्हणाली, "आता नाही जात ते." एवढंच बोलणं झालं.

मी कॉन्व्हेंटमध्ये लागले. त्याच पिवळ्या बसनं जाते. पगार नोटेत मिळतो, वहिनी खूश आहे. पाळीवरून बस वळते तेव्हा ती मुलगी बकऱ्या घेऊन उभी दिसते. आधी हात करायची, आता नाही करत. मला लाज वाटते आणि मी पुढे पाहते.

यंदा धान पोटरीत, लोंबी बाहेर पडायच्या बेतात असताना पाळ झिरपायला लागली. दवंडी झाली. रविवार होता, मी चहाची किटली घेऊन मामाजींमागे गेले. पाळीवर माणसं होती, पण ज्यांची बांधी तलावाखाली तेवढीच. किराणावाला नव्हता. पेन्शनवाले काका नव्हते. भूमिहीनांपैकी एकही नव्हता. मामाजी तिथून तडक त्या मुलीच्या घरी गेले, मीही मागोमाग. तिचा बाप अंगणात टोपली विणत बसला होता. त्यानं उठून बाज टाकली. मामाजी बसले नाहीत.

"काऊन रे बापा, पाळ जाऊन राहिली. चाल ना."

"माही बांधी नाही जी त्या पाण्याखाली."

"घर तं आहे."

"घर आहे." त्यानं टोपलीकडे पाहिलं. "पोर्गी बी होती जी शाळेत. तवा गाव म्हणे, ज्याचं त्यानं पाहावं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मामाजींना काही बोलता आलं असतं. मुलगी दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

हात कमी पडले. पाळ फुटण्यापेक्षा बरं म्हणून दुपारी पंचांनी तलावाचं दार उघडायचं ठरवलं. वर्षभराचं पाणी आमच्या डोळ्यांसमोर नाल्याला गेलं. घरं वाचली. धान पोटरीत होतं आणि पुढे द्यायला पाणी नव्हतं.

मामाजी संध्याकाळपर्यंत पाळीवर बसून होते. मी बोलवायला गेले. तळाचा चिखल उघडा पडायला लागला होता.

"बरोबर बोलला तो," ते म्हणाले.

उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, जो ते कधी घेत नाहीत. घराकडे येताना दवंडी देणारा वाटेत भेटला. मामाजी त्याला म्हणाले, "पुढच्या सालपासून पाळीची दवंडी देऊ नोको. कोणत्या तोंडानं बोलवाचं?"