मावशीची हरकत

आमच्या मावशीचं इस्त्रीचं दुकान जुन्या चौकात आहे, आणि तिने हरकत घेतली नाही अशी एकही गोष्ट त्या चौकात नाही. हा भाग ऐतिहासिक म्हणून जतन करायचं ठरल्यापासून इथे साधा छज्जा काढायचा तरी नगरपालिका जनसुनावणी ठेवते. मावशी कायम पहिल्या रांगेत. बेकरीवाल्याचा पत्रा तिने उतरवायला लावला, दातांच्या डॉक्टरचं काचेचं दार अडवलं, शिंप्याची लाल-निळी चमकणारी पाटी तर लागायच्या आधीच विझवली. "डोळ्यात खुपतं," एवढंच तिचं म्हणणं. मागून सगळे तिला हरकतबाई म्हणतात. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त काकांची.

काका म्हणजे तिचे यजमान. दुकानाच्या वरच राहतात, पण कंबरेचं हाड मोडल्यापासून चाकाच्या खुर्चीत आहेत. जिना इतका अरुंद आणि गोल, की खुर्ची सोडाच, जाडा पाहुणासुद्धा तिरका होऊन चढतो. एकदा चौघांनी त्यांना गादीसकट उचलून दवाखान्यात नेलं. परत आल्यावर काकांनी जाहीर केलं, "आता मला खाली न्याल ते शेवटचंच." तेव्हापासून खिडकीत बसून ते चौकाला टोमणे मारतात. मावशी वरवर हसली, पण त्या वाक्याने तिची झोप उडाली. शेवटी तिने मागच्या भिंतीला बाहेरून लिफ्ट बसवायचा अर्ज केला.

म्हणजे पुन्हा सुनावणी. अख्खा चौक लोटला. उट्टं काढायची अशी संधी कोण सोडतो?

अधिकारी प्रस्ताव वाचताना घर कोणाचं ते सांगत नाहीत, नुसता भूखंडाचा नंबर सांगतात. "दगडी भिंतीलगत लोखंडी सांगाडा, आत काचेची पेटी. कोणाची हरकत?"

मावशीचा हात सवयीने वर गेला. "माझी! दगडाला लोखंड चिकटवताय? अर्ज करणाऱ्याला डोळे आहेत का?"

"बाई," अधिकारी म्हणाले, "अर्ज तुमचाच आहे."

सभागृह हसून हसून लोळलं. मावशीचा चेहरा पांढराफटक. हरकत मागे घेते म्हणाली. पण एकदा नोंदलेली हरकत मागे घेता येत नाही, रहिवाशांनी ती खोडून काढावी लागते. हा नियमही मावशीनेच भांडून करून घेतलेला.

शिंपी उठला. त्याचं तोंड बघून मला वाटलं, संपलं.

"हिला हरवायची किती वर्षं वाट बघतोय मी!" तो म्हणाला. "अहो, मागच्या बाजूला कचऱ्याचे डबे आहेत. खुपणार कोणाच्या डोळ्यात, मांजरांच्या?"

"आणि तो म्हातारा वरून माझ्या टकलावर बोलतो," बेकरीवाला ओरडला. "आणा त्याला खाली! समोरासमोर उत्तर देतो."

हरकत खोडायच्या मतदानाला डॉक्टरांनी तर दोन्ही हात वर केले. मावशी आयुष्यात पहिल्यांदा सुनावणी हरली.

बाहेर शिंप्याने छाती फुगवली. "काय, जिरवली की नाही?"

"जिरवलीस रे बाबा," मावशी म्हणाली, आणि भर रस्त्यात त्याचा हात धरून उभी राहिली.

लिफ्ट चालू झाली त्या दिवशी दुकान बंद होतं. काका खाली आले, डब्यांच्या शेजारी खुर्ची वळवून त्यांनी ती काचेची पेटी वरपासून खालपर्यंत न्याहाळली.

"शी! काय घाण दिसतंय हे."

खुर्चीमागे मावशी ढसाढसा रडत होती. "दिसणारच," ती म्हणाली. "मी हरकत घेतली होती."