हाक मारायची राहिली

केलेपीचा शनिवार पहाटे चारला सुरू होई. सहाला तो बेटाच्या राजधानीत, नुकुअलोफाच्या बंदरात हजर असे. बारापर्यंत चौघांनी मिळून पिठाची आठशे पोती कंटेनरमधून उतरवायची. पोतं पंचवीस किलोचं. ते पाठीवर नाही, खांद्यावर घ्यायचं, मानेला टेकवून. पाठीवर घेणारे चाळिशीत वाकतात. केलेपी बावन्नचा होता आणि ताठ होता.

बाराला मजुरी हातात पडली की बाजार. तो त्याच दिवशी उरकावा लागे, कारण रविवारी या बेटावर दुकानाची फळी उघडत नाही. घरात तेरा माणसं. पिठाचं पोतं, साखर, साबण, कोंबडीच्या तंगड्यांची पेटी, मेंढीच्या चरबट फासळ्या, आणि रविवारी अळूच्या पानात बांधून जमिनीतल्या भट्टीत पुरायला खारवलेल्या मांसाचे सहा डबे. यादी कागदावर कधी नव्हती.

“मामा, सामान नेतोस की दुकान?” गल्ल्यावरची पोरगी दर वेळी विचारी.

“दुकान स्वस्त पडलं असतं,” तो म्हणे.

फोलाहा गावात केलेपीचं नाव होतं ते कमी खाण्याबद्दल. घरात तो सगळ्यांच्या मागून बसे, दोन घास घेई आणि मुलांकडे ताट सरकवी. बंदरावर खाल्लंय, म्हणे. बायको मेलियामे हे चारचौघींत सांगे. पाद्र्यानेही एकदा प्रवचनात त्याचा दाखला दिला होता. त्या वेळी केलेपी बाकावर बसून स्वतःच्या पायांच्या बोटांकडे बघत होता.

कारण दर शनिवारी तो सातवा डबा घेई. बसथांब्यामागच्या गोदामाच्या भिंतीआड बसून तो फोडी आणि पावाबरोबर बोटांनी संपवी. पाच मिनिटांत. घाईत चवही कळत नसे. दोनशे पोती वाहिलेल्या माणसाने डबाभर मांस खाल्लं तर कोणी काही म्हणालं नसतं. पण ते त्याने पहिल्याच दिवशी लपवलं, आणि एकदा लपवल्यावर सांगण्याची सोय राहिली नाही.

त्या शनिवारी थोरली बहीण लुपे चटया विकायला शहरात आली होती. नवरा गेल्यावर चार मुलं घेऊन ती केलेपीकडेच राहायला आली होती. तिची बस चुकली. उन्हातून सावलीला म्हणून ती गोदामाच्या भिंतीआड वळली, आणि दहा पावलांवर भाऊ दिसला. मांडीवर डबा, तोंडात घास.

आमच्याकडे खाताना कोणी दिसलं की हाक मारतात: ये, जेवायला ये. माणूस ओळखीचा असो नसो. तीन वर्षांचं पोरही मारतं. त्यात थोरल्या बहिणीचा मान बापापेक्षा मोठा. केलेपीला फक्त दोन शब्द बोलायचे होते. त्याने डबा मांडीआड सारला आणि खाली बघितलं.

लुपे थांबली. एक हाक मारायला लागतो त्याहून जास्त वेळ थांबली. मग परत उन्हात गेली.

बसमध्ये ती पुढे बसली, तो मागे पोत्याशेजारी.  भाऊबहीण इथे तसेही फार बोलत नाहीत, पण आजचं न बोलणं वेगळं होतं.

रविवारी चर्चहून आल्यावर पानं मांडली. केलेपी दाराबाहेर हात धूत होता. आतलं त्याला ऐकू आलं.

“केलेपीला आधी वाढ,” लुपे म्हणाली. “माझं पान नको.”

“का ताई, बरं नाही का?”

“बरी आहे. कोणी बोलावलं नाही, म्हणून बसत नाही.”

मेलियामेला ती थट्टा वाटली. “घरच्या माणसाला कोणी बोलावतं का?”

“नाही बोलावत. खरं आहे.”

केलेपी आत गेला आणि वाढलेलं सगळं खाऊन उठला. मुलांकडे ताट सरकवायचं त्याचं धाडस झालं नाही.

बहिणीपुढे असला विषय काढता येत नाही. माफी मागायची ती वस्तू पुढे ठेवून. पुढचे पाच शनिवार तो दुपारीही बंदरावर राहिला आणि सिमेंट उतरवलं. चाळीस किलोचं पोतं, घामावर धूळ बसली की मान भाजते. जादाच्या मजुरीतून त्याने डब्यांची अख्खी पेटी घेतली, चोवीस डब्यांची. ती लुपेच्या चटईपाशी ठेवली आणि खाली मान घालून, पाठ न फिरवता बाहेर आला. लुपे “बरं” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने पेटी फोडली. पोरांच्या हातात एकेक डबा देऊन घरोघरी पाठवलं. सांगायचं, केलेपीमामाने दिलाय. स्वतःसाठी एकही ठेवला नाही.

आठवडाभर वाटेत जो भेटे तो त्याचा हात धरून म्हणे, तुझ्यासारखा दिलदार माणूस नाही. केलेपी पायांच्या बोटांकडे बघत ऐकून घेई; त्याची माफी बहिणीने ठेवून घेतली नव्हती, वाटून टाकली होती. पाच शनिवारांच्या सिमेंटमधून चोवीस घरांचं एका वेळचं कालवण झालं.