शेवटची दहा मिनिटं

शिऱ्याचा वास आला आणि मी उठलो. विद्यापीठाच्या चर्चासत्रात लिंबाच्या बहारासाठी करायच्या नव्या फवारणीबद्दल बोलणाऱ्या शास्त्रज्ञ बाईंची अजून दहा मिनिटं बाकी होती; पण रांगेत मागं राहिलं की पुऱ्या गार मिळतात, हा माझा कैक वर्षांचा अभ्यास.

नगरच्या एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत प्रयोगशाळा नाही, मी आहे. विद्यापीठात, प्रदर्शनात जायचं, ऐकलेलं वहीत उतरवायचं आणि मालकांना द्यायचं. ते त्यावरून औषध तयार करतात आणि माझीच वाक्यं बाटलीसोबतच्या कागदावर छापतात. ती छापून आली की आपण निम्मे शास्त्रज्ञ झालो, असं मला वाटायचं.

या वेळचा कागद मी कौतुकानं बाईंना पाठवला. त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्यानंच घाबरलो. मुरमाड रानात हे मारायचं नाही, झाड पानं टाकतं, असं त्यांनी भाषणाच्या शेवटी बजावलं होतं.

"तुम्ही तेव्हा हॉलमध्ये नव्हता का?"

पुऱ्या खात होतो, हे काही सांगवलं नाही.

मालकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माल दुकानांत गेलाय, पुढच्या छपाईत ती ओळ घालू, म्हणाले. माल परत मागवा, असं मी दोनदा विनवलं. पण वही माझी. आवाज चढवणार कुठल्या तोंडानं?

मग एकदम मेहुण्याची श्रीगोंद्याची बाग आठवली. सगळा मुरूम. पहिली बाटली मीच ऐटीत नेऊन दिलेली. फोन लावला.

"सकाळीच मारलं की, दाजी," तो म्हणाला. "तुमचं औषद हाय म्हनल्यावर इचार कशाचा करायचा?"

पुढच्या रविवारी मी आणि बायको बागेत गेलो. पुऱ्यांचं तिला वाटेत सांगून टाकलं. पायाखाली पिवळी पानं वाजत होती. मेहुण्यानं चहा दिला आणि आता काय मारू, असं मलाच विचारलं. मी वही मिटली. बाईंना तिथूनच फोन केला. पाणी द्या आणि वाट बघा, त्या म्हणाल्या. तेवढं एक वाक्य मी शेवटपर्यंत ऐकलं.

नगरला परतलो. बाग बायकोच्या भावाची. घराचं कुलूप काढताना ती म्हणाली,

"पुढच्या वेळी डबा देते. शेवटपर्यंत बसा."