फ्लॉपीतली स्थळं

नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि मी श्रीरामपुरात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी वधू-वर सूचक मंडळ चालवायचे. त्यांनी हौसेनं कॉम्प्युटर घेतला आणि सगळ्या स्थळांची माहिती त्यात भरायचं काम माझ्याकडे आलं.

त्या कॉम्प्युटरसाठी गुरुजींनी बैठकीत काचेची केबिन करून घेतली होती. आत चपला चालत नसत, मोठ्यानं बोलणं चालत नसे आणि शिंक आली तर बाहेर पळावं लागे. माहिती भरून झाली तशी त्यांनी कागदी अर्जांचे गठ्ठे रद्दीत घातले.

"आता सगळं एका जागी आलं," ते समाधानानं म्हणाले.

आलं खरं, पण मग लोकांनाही त्याच जागी यावं लागे. संगमनेरहून एसटीनं, पुणतांब्याहून रेल्वेनं मुलामुलींचे आईबाप यायचे आणि नेमकी वीज गेलेली असायची. एखाद्या मुलाचं शिक्षण किती, एवढं कळायला माणसं ओसरीवर दुपारची झोप काढत.

संगमनेरला एक डीटीपीवाले होते, लग्नपत्रिका छापायचे. ते म्हणाले, "गुरुजी, एक फ्लॉपी भरून द्या. आमच्याकडची मंडळी आमच्या दुकानातच बघतील." पुणतांब्याला बी-बियाण्याचं दुकान चालवणाऱ्या एक काकू होत्या. बिलं करायला त्यांनीही कॉम्प्युटर घेतला होता. त्यांचंही मागणं तेच. गुरुजींनी दोघांना वाटेला लावलं. मी म्हटलं, निदान एक फ्लॉपी आपल्या कपाटात तरी ठेवू या. "कपाटाचं कुलूप साधं आहे," गुरुजी म्हणाले.

पुढे एका दुपारी गेलेली वीज परत आली ती नको तेवढ्या जोरानं. पंखा सुसाट सुटला, ट्यूबलाइट फुटली आणि केबिनमधून जळका वास येऊ लागला. नगरहून आलेल्या मेकॅनिकनं हार्डडिस्क कानाला लावली, हलवली आणि दवाखान्यातल्या डॉक्टरसारखी मान हलवली.

गुरुजी पहिल्यांदाच चपलांसकट केबिनमध्ये शिरले आणि खुर्चीत बसून राहिले. "लोकांनी विश्वासानं पोरंबाळं माझ्या हवाली केली होती," ते म्हणाले, "आता त्यांना काय सांगू?" एरवी मला त्यांच्या शिस्तीचं हसू यायचं. त्या दिवशी नाही आलं.

मग मी डीटीपीवाल्यांना आणि काकूंना बोलावून घेतलं. ठरलं ते असं: ज्यानं त्यानं आपापल्या भागातली स्थळं नव्यानं गोळा करायची. दर रविवारी तिघांनी फ्लॉप्यांची अदलाबदल करायची आणि सगळ्यांची माहिती सगळ्यांनी आपल्याकडे उतरवून घ्यायची. एक कॉम्प्युटर जळाला तरी उरलेल्या दोघांकडे सगळं शाबूत. गुरुजींनी मोठ्या नाखुशीनं मान डोलावली आणि नवी हार्डडिस्क बसवून घेतली.

पण प्रत्येक जण आता दुसऱ्याची स्थळं सुधारू लागला. पुणतांब्याचा एक मुलगा पुणतांब्यात पाच फूट चार इंच होता, श्रीरामपुरात पाच सहा झाला आणि संगमनेरपर्यंत पोचेतो पाच आठ. त्याला ओळखणारी माणसं जसजशी कमी होत गेली तसतसा तो वाढत गेला. संगमनेरच्या एका मुलीचं लग्न होऊन गेलं. डीटीपीवाल्यांनी तिचं नाव काढलं, पण पुणतांब्याची जुनी फ्लॉपी आली आणि ती त्यांच्याकडे पुन्हा कुमारिका झाली. तिला बघायला येणाऱ्यांना माहेरचे लोक चहा पाजून परत पाठवत. शेवटी तिचा नवराच संगमनेरच्या दुकानात येऊन भांडून गेला.

म्हणून मी एक नियम केला. ज्या गावात नाव नोंदवलं, त्याच गावानं ते बदलायचं. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, अगदी मीसुद्धा नाही. नियम सगळ्यांना पटला आणि मी स्वतःवर खूश झाले.

पुढच्याच रविवारी पुणतांब्याची फ्लॉपी उघडली, तर त्यात मी होते.

वर्ण गोरा, स्वभाव शांत, स्वयंपाकात निपुण. तिन्ही गोष्टी खोट्या. पुणतांबा माझं आजोळ. श्रीरामपुरात माझ्या नजरेतून सुटणार नाही म्हणून आईनं तिकडे जाऊन नाव नोंदवलं होतं. मी तडक गाडी पकडून काकूंच्या दुकानात गेले.

"काकू, माझं नाव काढा."

"काढते की. तुझ्या आईला आन. नाव तिनं लिवलंय."

"अहो, पण लग्न माझं आहे!"

"त्ये खरं हाय. पर हितलं नाव हितंच ठरनार, नियम बी तुजाच हाय." खताच्या पोत्यावर बसून त्या शांतपणे शेंगा सोलत होत्या. बरीच हुज्जत घातल्यावर एवढ्यावर तडजोड झाली, की नाव राहील पण खरं लिहायचं. काकूंनी माझ्यासमोरच टाइप केलं: वर्ण सावळा, स्वभाव तापट, स्वयंपाक येत नाही. "लई झ्याक," त्या म्हणाल्या, "आता कोन येतंय!"

पण आले. पंधरवड्यानं संगमनेरहून एक मुलगा त्याच्या आईला घेऊन आला. आईंनी बसता बसता विचारलं, "पुरणपोळीला कणीक किती सैल भिजवता?"

मी माझ्या आईकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती. "मला येत नाही," मी सांगितलं.

"अगं, आम्ही तर निपुण वाचलं!"

"आई, तू जुनी फ्लॉपी बघितलीस," मुलगा खाली मान घालून म्हणाला. "नवीत सगळं खरं लिहिलंय. मी ते वाचूनच इथं यायचं म्हटलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू आली नसतीस."

त्या बाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. हसू ओसरल्यावर विचारलं, "आणि ते तापट?"

"ते खरं आहे," माझी आई एवढ्या वेळात पहिल्यांदा बोलली.

लग्न संगमनेरला झालं. पत्रिका अर्थात डीटीपीवाल्यांनीच छापली. गुरुजी आले, काकू आल्या. पंगतीत गुरुजींना काकूंनी विचारलं, की पोरीचं नाव आता काढायचं ना? गुरुजी म्हणाले, "तुम्ही काढा. आम्हाला अधिकार नाही." काकूंनी जिलबी पुढे ओढली आणि म्हणाल्या, येत्या रविवारी बघू.