आमची बंद चूल आणि जनीबाईची पेटती

बाबांचे गुडघे कामातून गेलेत, म्हणून यंदा तळ्याचा वाटा आणायला मी गेले. वैशाखात आमच्या गावचं तळं आटतं, सगळं गाव मिळून मासे धरतं आणि दर चुलीमागे, म्हणजे गावच्या दर घरामागे, एक वाटा पडतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण वाटे पुकारणारे माझे काका ब्लॉग वाचतात. वाचा काका, हे तुमच्यासाठीच आहे.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: खारघरहून पनवेल, तिथून पेणची एसटी, बायकांना अर्धं तिकीट. स्टँडवरच मिसळ खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. मग टमटम. माणसं कोंबल्याशिवाय ती हलत नाही. फाट्यापासून पायीच जा, रस्त्यात खड्डेच जास्त आहेत.

गाव कळायला सोपं. मधे आम्ही आगरी. मशिदीमागे कोकणी मुसलमानांचा मोहल्ला, निम्म्या घरांना कुलूप, माणसं आखातात. रस्त्यालगत बौद्धवाडा, तिथली पोरं तळोज्याला कामाला. आणि तळ्यापलीकडे उतारावर कातकरीवाडी.

तळ्यात आधी उतरतात ते कातकरी. बाबांच्या वयाची जनीबाई कमरेएवढ्या चिखलात पाय रोवून जाळं ओढत होती. आमची मंडळी काठावर खुर्च्या टाकून "डावीकडं, आनखी डावीकडं" करत होती. संताप तिथूनच सुरू झाला.

मग केळीच्या पानांवर वाटे पडले आणि काकांनी एकेक चूल पुकारली. आगरी झाले, मोहल्ला झाला, बौद्धवाडा झाला. कुलपाची घरंसुद्धा आली. आमचंही नाव आलं, आणि आमच्या गावातल्या बंद घरात आता उंदीरसुद्धा उपाशी मरेल. कातकऱ्यांना उरलीसुरली बारकी मासळी, मजुरी म्हणून.

जनीबाई काकांपुढे उभी राहिली. "दादा, यंदा आमची चूल धरा."

तिला मासे नको होते. गावची चूल धरली, म्हणजे घर गावात मोजलं, की गावचा नळ मागता येतो. वाडीतल्या बायका अजून डबक्यातून पाणी भरतात.

"तुमी सा महिनं वीटभट्टीवर," काका म्हणाले. "चूल कशी धरनार?"

माझं डोकंच सणकलं. "काका, आम्ही तर बारा महिने खारघरला असतो."

"तुमचं येगलं हाय."

"काय वेगळं? सांगा ना."

काकांनी शेजारच्या पंचांकडे पाहिलं, पंचांनी आभाळाकडे. यांना लाज कशी वाटत नाही? मी आमचं पान उचलून जनीबाईपुढे धरलं, तर ती माझ्यावरच भडकली. "मना तुजा वाटा नको, बाय. माजी चूल धराया सांग त्यांना."

बरोबर होतं तिचं. मी पान तिथंच ठेवलं आणि निघाले.

तळं सुंदर आहे, बगळे भरपूर, जरूर जा. फक्त काठावरच्या खुर्चीत बसू नका. माझ्या चपलांचा चिखल धुतला तरी वास काही जात नाही.

घरी बाबांनी सगळं ऐकलं. मग काकांना फोन लावला, स्पीकरवर.

"दादूस, आमची चूल काढ."

"येडा झालास काय? चूल अशी काढता येत नाय. तुजा जन्म हाय या गावातला."

"आनि जनी कुठं जन्मली?"

काकांनी फोन ठेवला. बाबांनी पुन्हा लावला. ते उचलत नाहीत.